यंत्र मोडीत काढण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतला आणि जगभरातील कोट्यवधी संगणकांवर एका दिवसात म्हातारपणाचा शिक्का बसला. त्यांची जागा घेणाऱ्या 'विंडोज ११' च्या अटी अशा आहेत, की २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर त्यांत बसत नाहीत. साहजिकच, जुन्या संगणकाचे आता करायचे काय, हा प्रश्न गोव्यातील घराघरांत, शाळांत, पंचायतींत आणि पतसंस्थांत उभा राहिला आहे. त्याचे दुकानात मिळणारे उत्तर ठरलेले असते : यंत्र संथ झाले आहे, नवे घ्या. हे उत्तर विक्रेत्याच्या सोयीचे आहे यात नवल नाही. परंतु ग्राहकाने आणि विशेषतः सरकारनेही ते जसेच्या तसे स्वीकारावे, हे आम्हाला मान्य नाही. संथ झालेले प्रत्येक यंत्र निकामी झालेले नसते. पुष्कळदा त्याची स्मृती नको त्या गोष्टींनी भरलेली असते, एवढाच त्याचा दोष असतो.

या स्मृतीविषयी जनमानसात एक मोठा गैरसमज आहे आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. संगणक मंदावला की लोक 'मेमरी भरली' असे म्हणतात आणि छायाचित्रे, गाणी, जुनी पत्रे पुसायला बसतात. घटका दोन घटका खर्ची घालून यंत्र होते तितकेच संथ राहते. कारण संगणकात साठवण दोन प्रकारची असते. तालुक्याच्या कचेरीतील कारकुनाचे उदाहरण घ्यावे. त्याच्यापुढे एक मेज असते आणि पाठीमागे एक कपाट. कपाटात हजारो फायली राहतात, पण प्रत्यक्ष काम जे होते ते मेजावर ठेवलेल्या चार-सहा फायलींवरच होते. संगणकाची डिस्क म्हणजे कपाट आणि ज्याला 'रॅम' म्हणतात ती कार्यस्मृती म्हणजे मेज. छायाचित्रे पुसल्याने कपाट रिकामे होते. मेज लहान असेल किंवा नको त्या कागदांनी झाकले गेले असेल, तर त्याला कपाटाच्या रिकामेपणाचा फारसा उपयोग नाही.

मेज भरल्यावर कारकून काय करतो? हातातली फाइल कपाटात ठेवतो, दुसरी काढतो, मग पहिली पुन्हा लागते म्हणून पुन्हा उठतो. संगणकही नेमके हेच करतो. मँचेस्टर विद्यापीठातील 'अ‍ॅटलस' या संगणकात १९६२ मध्ये ही युक्ती प्रथम अमलात आली. महागडी मूळ स्मृती थोडी आणि फिरत्या ड्रमवरील स्वस्त साठवण पुष्कळ, अशी त्या यंत्राची स्थिती होती. लागेल तेवढा भाग आत आणायचा आणि न लागणारा बाहेर ठेवायचा, अशी व्यवस्था यंत्रानेच पाहिल्यामुळे वापरणाऱ्याला दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती असल्यासारखे वाटे. आजचा प्रत्येक संगणक याच तत्त्वावर चालतो. युक्ती उत्तम आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. रॅममधील मजकूर हाती यायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात, तर जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कवरून तो आणायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे फरक एक लाख पटींचा. रॅममधील काम एका सेकंदात होते असे धरले, तर तेच डिस्कवरून करायला एक दिवस आणि जवळजवळ चार तास लागतील! कारकुनाचा सारा दिवस ऊठबस करण्यातच गेला, तर दाखला मिळणार कधी? पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच या अवस्थेची मीमांसा केली होती. यंत्र पूर्ण वेळ राबत असते, दिवा अखंड लुकलुकत असतो, पण काम मात्र पुढे सरकत नाही. आपल्याकडील कित्येक जुन्या संगणकांचे दुखणे हेच आहे.

मग पूर्वी चपळ असणारे हेच यंत्र आज का थकते? यंत्र बदललेले नाही. त्याच्यावर लादलेले ओझे बदलले आहे. १९९५ च्या विंडोजला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरत होती. २००१ च्या 'एक्सपी' ला ६४ मेगाबाइट लागली, २००९ च्या 'विंडोज ७' ला निदान एक गिगाबाइट, आणि २०२१ च्या 'विंडोज ११' ची किमान अट चार गिगाबाइट आहे. सव्वीस वर्षांत हजार पटींची ही वाढ! पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, मुलांचा गृहपाठ करणे ही कामे या काळात हजार पटींनी वाढली काय? 'पास्कल' भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच इशारा दिला होता, की यंत्रे जितक्या वेगाने चपळ होत आहेत, त्याहून अधिक वेगाने त्यांवरील आज्ञावल्या सुस्त होत आहेत. स्मृती स्वस्त होत गेली तसा आज्ञावल्या लिहिणाऱ्यांचा काटकसरीचा सराव सुटत गेला. त्यात ब्राउझरची भर पडली. २००८ मध्ये आलेल्या 'क्रोम' ने उघडलेली पाने परस्परांपासून वेगळी ठेवून चालवण्याची रीत रूढ केली. एक पान कोसळले तरी बाकीची तगतात, हा तिचा मोठा फायदा; पण प्रत्येक पान आपला वेगळा संसार थाटते, हा तोटा. वीस पाने उघडी ठेवून 'संगणक चालत नाही' म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

थोड्या स्मृतीत मोठे काम कसे करावे, याचा वस्तुपाठ इतिहासात आहे. जुलै १९६९ मध्ये 'अपोलो ११' चे यान चंद्रावर उतरत असताना त्यातील संगणकाने धोक्याची सूचना दिली. त्या संगणकाची कार्यस्मृती होती अवघी २,०४८ शब्दांची. आजच्या मापात चार किलोबाइटच्या आसपास. त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारकडून येणाऱ्या संकेतांनी त्याचा वेळ खाल्ला, कामे तुंबली आणि नव्या कामासाठी स्मृतीत जागा उरली नाही. तरीही यान सुखरूप उतरले. कारण मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आज्ञावली रचतानाच प्रत्येक कामाचा अग्रक्रम ठरवून ठेवला होता. अडचण येताच संगणकाने स्वतःला पुन्हा सुरू केले, दुय्यम कामे सोडून दिली आणि यान सावरणे व इंजिन चालवणे ही मुख्य कामे हातची जाऊ दिली नाहीत. तेथे मेज मोठे करायला सवड नव्हती; मेजावर काय राहावे आणि काय राहू नये, याचा विवेक मात्र होता. आमच्या मते आजच्या घरगुती संगणकालाही सर्वप्रथम हवा आहे तो हाच विवेक.

तो दाखवण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली, की 'टास्क मॅनेजर' उघडतो आणि कोणती आज्ञावली किती स्मृती अडवून बसली आहे ते उघड दिसते. आधी निदान, मग औषध, हा नियम येथेही पाळावा. स्मृती निम्मीच भरलेली असूनही यंत्र अडखळत असेल, तर दोष अन्यत्र आहे असे समजावे. स्मृती काठोकाठ भरलेली असेल, तर संगणक सुरू होताच न बोलावता जाग्या होणाऱ्या आज्ञावल्यांची यादी तेथेच 'स्टार्टअप' या सदरात पाहावी. प्रिंटरची मदतनीस, गाण्यांची, गप्पांची, कधी काळी एकदाच वापरलेली अशा कितीतरी पाहुण्या तेथे मुक्काम ठोकून असतात. ओळखीच्या आणि अनावश्यक अशा असतील तेवढ्या बंद कराव्यात; जिचे नाव कळत नाही तिला जाणकाराला विचारल्याविना हात लावू नये. दोन-दोन विषाणुरोधक आज्ञावल्या एकाच वेळी चालवणे म्हणजे एका दारावर दोन पहारेकऱ्यांनी परस्परांशी झगडत उभे राहणे, एकच पुरे. ब्राउझरमध्ये जोडलेली उपांगे कमी करावीत. वापरात नसलेली पाने झोपवून ठेवण्याची सोय आजच्या प्रमुख ब्राउझरांत आहे, ती चालू करावी.

आणखी एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. २०१२ च्या 'विंडोज ८' पासून पुष्कळ संगणकांवर झटपट सुरू होण्याची सोय आपोआप चालू असते. अशा संगणकावर 'शट डाउन' केल्याने प्रणालीचा गाभा पूर्णतः मिटत नाही. त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत आणली जाते. स्मृतीची खरी झाडलोट होते ती 'रीस्टार्ट' केल्यावर. तेव्हा रोज रात्री यंत्र बंद करणाऱ्यानेही आठवड्यातून एकदोनदा ते 'रीस्टार्ट' करावे. चतुर्थीपूर्वी माळ्यावरची अडगळ काढून घर मोकळे करण्याची आपली रीत आहे. यंत्राला ती वर्षातून एकदा पुरत नाही, एवढेच.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. एका बटणासरशी स्मृती मोकळी करून देतो, असे सांगणाऱ्या आज्ञावल्यांचा बाजारात सुळसुळाट आहे. त्यांतील बहुतेक करतात एवढेच, की चालू कामांची पाने बळजबरीने स्मृतीतून बाहेर ढकलतात. आकडा खाली आलेला दिसतो, वापरणारा सुखावतो आणि पुढच्याच क्षणी तीच पाने डिस्कवरून परत आणावी लागल्याने यंत्र आधीपेक्षा मंदावते. शिवाय प्रणाली रिकामी रॅम वाया जाऊ देत नाही. पुन्हा लागण्याची शक्यता असलेला मजकूर ती तेथे हाताशी ठेवते आणि गरज पडताच जागा खाली करून देते. तेव्हा भरलेली प्रत्येक जागा ही अडगळ नव्हे. अमेरिकेत १९९५ मध्ये 'सॉफ्टरॅम ९५' नावाची आज्ञावली रॅम दुप्पट करण्याचे आश्वासन देऊन लाखोंच्या संख्येने खपली. प्रत्यक्षात तिच्यात तसे कोणतेही सामर्थ्य नव्हते आणि १९९६ मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने तिच्या उत्पादकांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली. तीस वर्षे लोटली तरी त्या वाणाची बियाणी अद्याप विकली जातात आणि त्यांच्या आडून कधी कधी हेरगिरी करणाऱ्या आज्ञावल्याही घरात शिरतात. स्मृती मंत्राने वाढत नाही.

ती वाढवायची तर खरी वाढवावी. ज्या संगणकात मोकळी खाच आहे, त्यात आणखी एक रॅमची पट्टी बसवणे हा बरेचदा नव्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय असतो. फक्त पट्टी यंत्राच्या जातीचीच हवी. 'डीडीआर ३' च्या खाचेत 'डीडीआर ४' बसत नाही. प्रणाली ३२ बिटांची असेल तर चार गिगाबाइटच्या पुढची रॅम तिला वापरता येत नाही, हेही आधी पाहून घ्यावे. फिरती डिस्क काढून 'एसएसडी' बसवली, तर कपाटापर्यंतची खेप सुमारे शंभर पटींनी जलद होते आणि अपुऱ्या स्मृतीची झळ बरीच कमी लागते. मात्र एक अडचण अलीकडे उभी राहिली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांना स्मृतीच्या चकत्यांची प्रचंड भूक लागल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन या कंपनीने तर 'क्रुशल' या नावाने सर्वसामान्य ग्राहकाला रॅम विकण्याचा व्यवसायच आवरता घेत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. धनाढ्यांच्या यंत्रांसाठी विद्यार्थ्याच्या यंत्राचा घास काढून घेतला जात असेल, तर आहे त्या स्मृतीचा काटकसरीने वापर करणे ही हौस राहत नाही, गरज ठरते.

कोणी म्हणेल, की जुने यंत्र जपण्याचा हा आग्रह सुरक्षिततेशी खेळणारा आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, तिच्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचेच होय. परंतु प्रणाली जुनी होणे आणि यंत्र जुने होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'विंडोज १०' च्या घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने देऊ केली. त्यापुढे 'लिनक्स' या मुक्त प्रणालीचा मार्ग खुला आहे. तिच्या हलक्या आवृत्त्या थोड्या रॅमवर चालतात, त्यांना दुरुस्त्या मिळत राहतात आणि त्यांसाठी परवान्याचे शुल्क पडत नाही. विंडोजसाठीच लिहिलेल्या काही हिशेबाच्या आज्ञावल्या तेथे सुखाने चालत नाहीत, हे खरे. म्हणून दुकानदाराने किंवा पतसंस्थेने आधी चाचणी घ्यावी. पण गृहपाठ, पत्रव्यवहार, वाचन आणि मराठी टंकलेखन यांसाठी ती पुरेशी आहे. आणि हेही सांगितले पाहिजे, की काही यंत्रे खरोखरच आयुष्य संपलेली असतात. त्यांना मखरात बसवून ठेवा असे आमचे म्हणणे नाही. तपासणीविना कोणालाही मृत ठरवू नका, एवढेच आहे.

गोव्याला हा विषय नवा नाही. या शतकाच्या आरंभी 'सायबरएज' योजनेतून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोचवण्याचे धाडस या लहानशा राज्याने केले होते. त्याच सुमारास परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक गोव्यातील शाळांना मिळाले आणि त्यांवर लिनक्स चालवण्याचा प्रयोगही झाला. अन्यत्र टाकाऊ ठरलेल्या यंत्रांनी येथील मुलांना अक्षरओळख करून दिली, हे आपण विसरलो. केरळने मात्र हा धागा सोडला नाही. तेथील शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली, 'काइट' या सरकारी संस्थेने शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' मंडळांतून विद्यार्थ्यांनाच तंत्रज्ञानाचे धडे दिले. केरळला जे जमले ते गोव्याला न जमण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

प्रश्न केवळ पैशांचाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. आपल्या देशात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. 'दुरुस्तीचा हक्क' मान्य करण्याच्या दिशेने केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी ग्राहकांसाठी संकेतस्थळही उघडले. नियम चांगले आहेत, पण कचऱ्याचे उत्तम व्यवस्थापन म्हणजे तो निर्माणच न होऊ देणे. मडगावचा सोनसोडा पाहिलेल्या गोमंतकीयाला हे निराळे सांगायला नको.

म्हणून सरकारकडे आमच्या चार मागण्या आहेत. पहिली, कोणत्याही सरकारी कचेरीतील वा शाळेतील संगणक निर्लेखित करण्यापूर्वी त्याची स्मृती व डिस्क तपासून 'वाढवून चालेल काय' याचा लेखी शेरा बंधनकारक करावा. दुसरी, म्हापसा, डिचोली, काणकोण यांसारख्या ठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत दुरुस्ती केंद्रे काढावीत. विद्यार्थ्यांना हातचे काम मिळेल आणि गावातील शाळांची यंत्रे चालती राहतील. तिसरी, नवी खरेदी करताना रॅम वाढवण्याची खाच असलेलेच यंत्र निवडावे. अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फळीलाच डाखलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. अशी यंत्रे जनतेच्या पैशांतून घेणे म्हणजे पाच-सहा वर्षांनी होणाऱ्या खर्चावर आजच सही करणे होय. चौथी, शाळांसाठी हलक्या मुक्त प्रणालीचा मराठी व कोंकणी टंकलेखनासह पूर्ण संच तयार करून द्यावा. यांपैकी एकाही गोष्टीला अवाढव्य निधी लागत नाही. लागते ती इच्छा.

पेडण्यातील वा सत्तरीतील एखाद्या घरात भावाबहिणींत मिळून एकच जुना संगणक असेल, तर तो पाच मिनिटांत उघडतो की अर्ध्या तासात, यावर त्या मुलांचा अभ्यास अवलंबून असतो. त्या घराला नवे यंत्र घ्या असे सांगणे सोपे आहे. त्याच यंत्राची स्मृती मोकळी करून देणे त्याहून थोडे कष्टाचे, पण खऱ्या उपयोगाचे आहे. ज्यांना ते जमते त्यांनी शेजारच्या एका घरासाठी एक संध्याकाळ द्यावी आणि सरकारने आपल्या कोठारांत धूळ खात पडलेल्या यंत्रांची मोजदाद या वर्षातच सुरू करावी. मोडीचा भाव ठरवण्यापूर्वी एवढे झाले पाहिजे.